गणती बरोबर आली तो शनिवार

वसतिगृह, खोली २१४
जानेवारीचा शेवटचा मंगळवार

तीर्थस्वरूप आर्डिस आत्या,

ओरिनचा नमस्कार, आणि वर एक कडक सॅल्यूट. (हा फुकट आहे. मला उलट कोणी करत नाही, ते पुढे येईलच.) तुझी तब्येत कशी आहे? गुडघे काय म्हणतात? मांजर अजून पाद्रीबाईंवर फिस्कारतं का? इकडे माझं सगळं क्षेम आहे. डाव्या पायाची दोन बोटं थोडी जांभळी आहेत, पण डॉक्टर म्हणाले की ती माझ्याकडेच राहतील, तेव्हा काळजी नसावी.

तुझं पत्र पोचलं. मे महिन्यात आर्मरीच्या हॉलमध्ये मला अधिकारी करतील त्या समारंभाला तू येणार नाहीस, कारण गुडघे. अगं आत्या, डिसेंबरात याच गुडघ्यांनी तू गोठलेल्या तळ्यावर चार तास बसून सात मासे काढलेस, आणि त्यातला एकही मला दिला नाहीस! आई गेल्यावर मला तू वाढवलंस. मी शपथ घेताना समोरच्या खुर्चीत तू नसलीस तर त्या समारंभाला काय अर्थ आहे? पण कारण गुडघे नाहीत, आर्मरीची इमारत आहे, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. अकरा वर्षं तू तिथे गार्डच्या, आपल्या राखीव सैन्याच्या, कंपनीची कारकून होतीस. मग एका फेब्रुवारीत नोकरी सोडलीस, आणि तेव्हापासून किराणा आणायलासुद्धा तीन रस्त्यांचा वळसा घालून जातेस. मी लहानपणी विचारलं की तू ताटात आणखी एक पॅनकेक वाढायचीस. (मी खात बसायचो. चूक माझीही आहे.) असो. सरळ मुद्द्यावर यायची आपल्या घराण्यात पद्धत नाही, तेव्हा आधी माझी दशा ऐक.

आठवडाभर मी कॉलेजात माती शिकतो (मातीचं शास्त्र, हसू नकोस), पहाटे कॉलेजच्या अधिकारी-प्रशिक्षणवाल्यांसाठी बर्फात जोर काढतो, आणि महिन्यातून एक शनिवार-रविवार आपल्या गावी येऊन कंपनीत कवायत करतो. म्हणजे मी दोन ठिकाणचा आहे. दोन्हीकडे गणवेश एकच, पण मालक वेगळे. कंपनीत मी धड शिपाई नाही आणि धड साहेबही नाही. लेफ्टनंट प्रीसबाईंच्या मागे तीन पावलांवर वही घेऊन चालायचं, त्या थांबल्या की थांबायचं, त्या शिंकल्या तर नोंद करायची. शिपायांच्या टेबलावर जेवायला बसलो की ते गप्प होतात आणि अधिकाऱ्यांच्या टेबलावर बसलो की त्यांचं जेवण झालेलं असतं. पोरं मला ‘अर्धेसाहेब’ म्हणतात. ‘काय अर्धेसाहेब, एका हाताचा अर्धा सॅल्यूट चालेल का?’ चालतो, दुसरा पर्याय काय आहे?

आता अर्ध्या माणसाला काम कोणतं द्यायचं? तर डोकी मोजायचं. आमचा सार्जंट क्लेव्हन (तू गेल्यावर बऱ्याच वर्षांनी आला, मान नसलेला, बटाट्याची हॉटडिश तीनदा वाढून घेणारा) यानं पहिल्याच महिन्यात मला हॉलमध्ये उभं केलं आणि म्हणाला, मोज. कागदावर मला धरून त्रेचाळीस. मी मोजले, चव्वेचाळीस. डावीकडून मोजले, उजवीकडून मोजले, चव्वेचाळीसच. शेवटी प्रत्येकाच्या खांद्याला हात लावत गेलो. मागच्या रांगेत एक खांदा इतका गार होता की हात आपोआप मागे आला. मी मान वर करून चेहरा पाहिला नाही. (तू पाहिला असतास? मग मला बोलू नकोस.) नावं पुकारली तेव्हा मात्र ‘हजर’ बरोबर त्रेचाळीसच आले. मी सार्जंटला सांगायला गेलो, तर तो कॉफी ओतत म्हणाला, ‘एक जास्त ना? मग एक कमी लिही. माझी वीस वर्षं अशीच गेली.’ आणि हॉलकडे वळून नेहमीसारखा ओरडला, ‘सगळे हजर, किंवा नोंदलेल्या ठिकाणी!’ कोणी हसलं नाही आणि कोणी मागे वळूनही पाहिलं नाही. जेवताना त्यानं एक ताट जास्त वाढून खिडकीशी ठेवलं. मला वाटलं ते चौथ्यांदा खायला असेल. पण ते ताट संध्याकाळी तसंच होतं, वर पातळ बर्फाचा पापुद्रा धरलेलं, आणि हॉल तर गरम होता.

माणसाला कशाचीही सवय होते. मला तीन महिन्यांत झाली. मग जानेवारीचा दुसरा शनिवार आला. त्या दिवशी कंपनीची कवायत होती आणि कॉलेजचा सरावही. मी शहाण्यासारखं दोन्हीकडे कळवलं. कॉलेजनं उदार मनानं लिहिलं, ‘कॅडेट स्टँगलँड याला कंपनीसाठी मोकळे केले आहे.’ कंपनीनं त्याच दिवशी लिहिलं, ‘कॅडेट स्टँगलँड याला कॉलेजसाठी मोकळे केले आहे.’ दोन्ही पत्रं हातात घेऊन मी खोलीत नाचलो. दोन मालकांनी एकाच वेळी सुट्टी दिलेला माझ्यासारखा नशीबवान कोण? सांगायला हवं होतं, कळतं मला. पण मित्राची झोपडी तळ्यावर बर्फात उभी होती, आत शेगडी होती, आणि मला निदान एक तरी मासा तुझ्या नाकासमोर धरायचा होता. मित्राला म्हटलं, जमलं तर येतो.

सकाळी आठला निघालो. साडेआठला वारा सुटला. आपल्याकडचं वादळ तुला काय सांगायचं! वर पांढरं, खाली पांढरं, रस्त्याच्या कडेचे खांबसुद्धा दिसेनासे झाले. दलदलीच्या वळणावर गाडी शांतपणे, कोणालाही त्रास न देता, खड्ड्यात जाऊन बसली. वादळात अडकलो तर म्हणून तू दर ऑक्टोबरात गाडीत ठेवतेस तो डबा मी उघडला. चॉकलेटं मी परीक्षेच्या आदल्या दिवशी संपवली होती, मेणबत्ती कोणाच्या तरी केकवर लावली होती. घोंगडी होती, देवाची कृपा. फोननं थंडीत मान टाकली. आणि मग बसल्या बसल्या माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कॉलेज म्हणणार, तो कंपनीत आहे. कंपनी म्हणणार, तो कॉलेजात आहे. मित्र म्हणणार, जमलं नसेल. सोमवारपर्यंत या जगात माझी वाट बघणारं कोणीही नव्हतं. आत्या, मी फार घाबरलो. मोठ्यानं तुला हाका मारल्या. हे कंपनीत कळू देऊ नकोस.

किती वेळ गेला सांगता येत नाही. बाजूचं दार उघडलं नाही, पण बाजूच्या सीटवर एक मुलगी बसलेली होती. माझ्याच वयाची. अंगात गणवेश, पण जुना, हिरव्या-तपकिरी पानांच्या नक्षीचा, आता कोणी घालत नाही तो. कॉलरवर माझ्यासारखाच कॅडेटचा बिल्ला. हातमोजे नव्हते आणि बोटं मेणासारखी पांढरी. माझ्या तोंडातून वाफ निघत होती, तिच्या नव्हती.

‘कुठल्या यादीत?’ तिनं विचारलं.

‘दोन्ही,’ मी म्हणालो.

‘मीही,’ ती म्हणाली, आणि समोरच्या काचेकडे बघत बसली.

आता मला किंचाळायला हवं होतं, पण थंडीत तेवढी ताकद कुठे असते. शिवाय ती कामाचं बोलत होती. ‘इंजिन तासाला दहाच मिनिटं चालव,’ ती म्हणाली, ‘मी सगळं पेट्रोल पहिल्याच दिवशी जाळलं. आधी उतर आणि सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ काढ.’ मी उतरलो, काढला, परत आलो, तर ती तशीच. मग मला झोप यायला लागली, गोड झोप, आईच्या मांडीवरची. तेवढ्यात हाक आली, ‘स्टँगलँड!’ मी म्हटलं, हजर. थोड्या वेळानं पुन्हा, ‘स्टँगलँड!’ असं चालूच. एकदा मी नुसतं ‘ह’ म्हटलं, तर म्हणाली, ‘नीट म्हण. मागच्या रांगेला ऐकू आलं नाही.’ आत्या, माझी गाडी दोन दारांची, मागे जुने बूट आणि मातीचे नमुने. मी मागे वळून पाहिलं नाही. मी ओरडून म्हटलं, हजर! सार्जंट क्लेव्हनसमोरसुद्धा मी इतका खणखणीत कधी बोललो नसेन.

सकाळी अकराच्या सुमारास पुढे पिवळे दिवे दिसले. कंपनीचा मोठा ट्रक, बर्फ लोटायचं पातं लावलेला, आणि आतून सार्जंट. मी बाजूला पाहिलं तर सीट रिकामी आणि कोरडी. सार्जंटनं मला पोत्यासारखं उचलून ट्रकमध्ये टाकलं. ‘गणती बरोबर आली,’ तो म्हणाला. ‘तुला वगळून बेचाळीस हवे होते, आणि बेचाळीसच आले. एकही जास्त नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा. सगळ्या हॉलची बोबडी वळली. मी म्हटलं, ती इथे नाही तर कुठे गेली? आणि कोणासाठी गेली? मग एकेक नाव तपासलं, कॉलेजला फोन लावला, ते म्हणाले, ओरिन तर तुमच्याकडे आहे. मग दुसरीकडे कुठे शोधणार? सरळ तिच्या वळणावर आलो.’

मग गरम हवेच्या झोताखाली बसवून त्यानं मला सांगितलं. डोरीन व्होंड्रा. जानेवारी एकोणनव्वद. कवायत आणि सराव एकाच शनिवारी. कॉलेजच्या कागदावर ती कंपनीत, कंपनीच्या कागदावर ती कॉलेजात. ती मात्र दोन्हीकडे जायच्या रस्त्यावर, याच वळणावर, खड्ड्यात. बुधवारी सापडली. मांडीवर वही होती, तासातासाला वेळ टाकून ‘हजर’ लिहिलेलं, सोमवारी दुपारपर्यंत. ‘त्या शनिवारी ती आली नाही एवढं एका जरी कागदावर असतं,’ सार्जंट म्हणाला, ‘तर दहा वाजता गाड्या निघाल्या असत्या.’

तर आत्या, अशी गोष्ट. बोटं बरी आहेत, डब्यात नवी मेणबत्ती ठेवली आहे, चॉकलेटांना हात लावणार नाही. मे महिन्याच्या समारंभाचा पुन्हा एकदा विचार कर. पाद्रीबाईंना नमस्कार, मांजराला दुरून.

तुझा,
ओरिन (अर्धेसाहेब)

ता. क. समारंभाचं राहू दे. त्यासाठी मी एवढं लांब पत्र लिहिलेलं नाही. सार्जंटनं मला एकोणनव्वदची हजेरी दाखवली. टंकलेली ओळ आहे, ‘व्होंड्रा, डोरीन. कॉलेजात.’ शेजारी तुझी आद्याक्षरं, त्या लांब शेपटीच्या ‘एस’सकट, जी माझ्या शाळेच्या डब्यावर असायची. पण मला तुझा राग आलेला नाही, एवढं आधी वाच आणि मग पुढचं. तुला कॉलेजनं जे कळवलं तेच तू टंकलंस. माझ्या बाबतीतही यंदा कोणीतरी तसंच टंकलं. छत्तीस वर्षं तू हे एकटीनं उचललंस, आणि मी पॅनकेक खात बसलो.

ता. क. २. गाडीतलं एक वर लिहायचं राहिलं. (राहिलं नाही, धीर झाला नाही.) तिनं मला विचारलं, हजेरी आता कोण घेतं? मी म्हटलं, सार्जंट क्लेव्हन. ती म्हणाली, ‘तो माझं नाव घेत नाही.’ रागानं नाही गं, नुसतंच म्हणाली, थकल्यासारखी. मी सार्जंटला म्हटलं, मग तुम्हीच ती ओळ दुरुस्त करा की. तर तो पांढरा पडला. भुताला भीत नाही तो, नियमाला भितो. ज्यानं नोंद केली त्यानंच ती खोडायची आणि शेजारी सही करायची, दुसऱ्यानं हात लावायचा नाही, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तेव्हा माझं खरं मागणं हे. येत्या आठ तारखेला, शनिवारी, सकाळी सातला मी दाराशी गाडी घेऊन येतो. आपण आर्मरीत जाऊ. तू हॉलमध्ये उभी राहून तिचं पूर्ण नाव पुकार, तीनदा, तुझ्या त्या जुन्या आवाजात. थांब. मग ती ओळ खोड, पुढे ‘गैरहजर’ लिही, आणि सही कर. मी तुझा हात धरून उभा राहीन, कोणी हसलं तर बघून घेईन.

ता. क. ३. आणि मागच्या रांगेतून उत्तर आलं, तरी तेच लिही.