बुडवायला ठेवलेले पैसे

प्रिय सोन्या,

गेल्या रविवारी तू सूनबाईसमोर मला म्हणालास, ‘आई, या वयात जुगार शोभतो का?’ मी गप्प बसले. गप्प बसले म्हणजे मला पटलं, असा तुझा समज झाला असेल तर तो आधी काढून टाक. तोंडात घास होता आणि भांडताना ठसका लागू नये, एवढंच कारण. आता घास नाही आणि वेळ भरपूर आहे. तेव्हा नीट बसून वाच.

हो, मी ते शेअर घेतले. चहाच्या कपाहून स्वस्त, ज्यांना तू ‘चिल्लर’ म्हणतोस, तेच. कुणाच्या नादी लागून नाही घेतले. तुझे बाबा गेल्यावर जो तो मला काचेच्या भांड्यासारखं जपायला लागला. हे करू नको, तिकडे जाऊ नको, सही कर, बाकी आम्ही बघतो. मला माझं डोकं वापरायचं होतं, आणि चुकायचंच असेल तर माझं मी चुकायचं होतं. बाबांची मोटारसायकल विकून आलेले पैसे मी वेगळे काढले. माझ्या सगळ्या पुंजीचा जेमतेम विसावा हिस्सा. हे बुडणारच आहेत असं धरून चालायचं, हे पहिल्या दिवशीच ठरवलं. पेन्शन, ठेवी, घर, कशालाही हात लावला नाही.

चौतीस वर्षं मी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या काचा तपासल्या. भिंगाखाली दिसतं ते लिहायचं, दिसावंसं वाटतं ते नाही, ही सवय हाडीमाशी मुरली आहे. त्याच सवयीनं दोन महिने कंपन्यांचे अहवाल वाचले आणि पाच निवडल्या. वहीत लिहून ठेवलं, यांतल्या तीन तरी जातील, एखादी रखडेल, एखादी तरली तर नशीब. दुप्पट झाले तर निम्मे विकायचे. पडायला लागले तर वर आणखी ओतायचे नाहीत.

झालंही साधारण तसंच. पाइप बनवणाऱ्या कंपनीनं हिशेबच दाखवले नाहीत, म्हणून बाजारानं तिचे व्यवहार थांबवले. कापडवाली रोज थोडी थोडी घसरत गेली. विकायला गेले तर घेणारा कुणी नाही. कागदावर भाव असतो आणि गिऱ्हाईक नसतं, हे तेव्हा कळलं. पंपवालीचा कारखाना बघायला तर मी स्वतः गेले, दोन बस बदलून. फाटकाला कुलूप आणि आत कमरेएवढं गवत. राखणदार म्हणाला, ‘मावशी, थकलेला पगार मागायला आला असाल तर माझा नंबर पहिला.’ आम्ही दोघंही हसलो. घरी येऊन मात्र मी रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही. चौथी जिथल्या तिथे आहे. बॅटरीचे डबे बनवणारी पाचवी दुप्पट झाली, त्याच दिवशी निम्मे विकून मोकळी झाले. गोळाबेरीज सांगते, शंभरातले साठेक उरले. चाळीस गेले, ते घालवायलाच ठेवले होते. त्यापायी माझी एका रात्रीचीही झोप गेली नाही.

आता तुझ्याकडे वळते. रविवारी माझ्यावर चिडलास तेव्हा त्या पंपवालीचा शुक्रवारचा भाव तू दशांशासकट सांगितलास, फोनकडे न बघता. ज्याचं त्यात काही अडकलेलं नाही, त्याला असा भाव पाठ नसतो. म्हणून सूनबाईला फोन केला. बिचारी आधी नाही-नाही म्हणाली, मग तिला रडू आवरेना. तिच्यावर डाफरू नकोस, मीच खोदून विचारलं. कारखाना आता सुरू होणार, सहा महिन्यांत दहापट, असं ऑफिसातल्या मित्रानं सांगितलं आणि तू घराच्या हप्त्याचे पैसे घातलेस. भाव पडला तसे आणखी घातलेस. अरे, ते गवत मी बघून आले होते. एकदा विचारायचं तरी होतंस.

सोमवारी तू मुखत्यारपत्र पाठवलंस, ‘तुझ्या पैशांची काळजी आता मी घेतो’ म्हणून. त्या काळजीचा अर्थ मला कळला. माझ्या ठेवी मोडायच्या आणि त्याच खड्ड्यात ओतायच्या. मी सही करणार नाही. तो कागद फाडून याच पाकिटात घातला आहे, तुकडे मोजून घे. रागाव, महिनाभर बोलू नकोस, मला चालेल. थकलेले हप्ते मी बँकेत जाऊन स्वतः भरीन. तुझ्या हातात मात्र एक पैसा देणार नाही. तुझे पैसे बुडाले याची मला लाज नाही, ते झाकायला माझी सही मागितलीस याची आहे. शनिवारी सगळे कागद घेऊन सूनबाईबरोबर ये. जे विकलं जाईल ते विकू, मिळेल त्या भावाला. रडायचं असेल तर रड, मी उठून जाणार नाही. पण त्या दिवशी आकडे मी वाचणार आणि तू ऐकणार.

तुझीच,
आई