गाडी वळायची जागा

१२ फेब्रु., गुरुवार
घरी येऊन नऊ दिवस झाले. हैद्राबादेत फरशीच्या कामावर होतो, त्याआधी चाकणला, मध्ये चार महिने ट्रकवर. कुठंच टिकलो नाही. आबा मला काही बोलत नाहीत. बैलाच्या पाठीवरून हात फिरवत त्यालाच म्हणतात, "तू तरी जागेवर हायेस बाबा."
हळदीची काढणी सुरू आहे, सगळी वाडी रानात. दोन दिवस मी पण गेलो. तिसऱ्या दिवशी पाठ धरली. खरं म्हणजे कंटाळा.

१४ फेब्रु., शनि.
शीतल, माझी धाकटी बहीण, नववीला आहे. शाळा साखऱ्याला. वाडीपासून फाटा साडेतीन किलोमीटर, तो पायी, पुढं बस. फाट्यावर टपरीपाशी तीनचार पोरं मोटरसायकलींवर पाय टाकून बसतात. सोबतच्या दोघी पोरी दिवाळीनंतर घरी बसल्या. आता ही एकटीच जाते.
जेवताना आबा म्हणाले, ही परीक्षा झाली की बास, पायी न्हाई पाठवायचं आता.
शीतल म्हणाली, "आन वाडीत गाडी आली तर?"
"आली तर जा की. धाव्वी कर, बारावी कर. मी काहून अडवू?"
गाडी येत नाही हे माहीत आहे म्हणून बोलले. माझ्या लहानपणी यायची. मारुतीच्या देवळामागच्या मैदानात वळायची. मग बंद झाली. का, ते कोणालाच नीट सांगता येत नाही.

१६ फेब्रु., सोम.
शीतलबरोबर फाट्यावर गेलो. मला बघून पोरांनी पाय खाली घेतले. उद्या मी नसलो की परत वर.
बसच्या ड्रायव्हरला गाठलं. शेखचाचा, पांढरी दाढी, अर्धं मराठी अर्धं हिंदी. म्हणाला, "रस्ता तो बराबर है बेटा. पर वळू कुठं? आत घातली की बाभळीत फसतो. पूरी गाडी रिवर्स आणायची का? मैदान खाली कर, मी साहेबाला बोलतो."
किती जागा लागते विचारलं तर खाली उतरला आणि रस्त्यातच पावलं टाकून दाखवली. पंचवीस लांब, पंचवीस रुंद. आतले लोक बोंबलायला लागले, चाचा मापं काय घेऊन राहिले, शाळा भरली असंल.
एवढंच? मला वाटायचं आमदाराची चिठ्ठी लागत असेल.

१८ फेब्रु.
मैदान बघून आलो. वेडी बाभूळ डोक्याच्या वर गेली आहे. खाली बाटल्या, एक मोडकी खाट, मेलेलं कुत्रं. आबांची कुऱ्हाड घेतली. दुपारपर्यंत एक कोपरा झाला. हाताला फोड.

२१ फेब्रु., शनि.
टाचेत काटा. तरी गेलो.
मैदानाला लागून गयाकाकूचं घर. ती दारात बसून बघत होती. "काय करून राहिला रे?"
"साफ करून राहिलो."
"हमीचं काम निघालं काय?"
"न्हाई."
"सरपंचानं सांगितलं?"
"न्हाई."
"मग काहून?"
बस आणणार म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत वाडीभर हसू झालं असतं. बस आणणारा आला बघा, स्वतः कुठं टिकत न्हाई. म्हणून म्हणालो, "असंच. सहज."

२३ फेब्रु.
आज काम नाही. नरसीला जाणारा ओळखीचा टेम्पो दिसला, चढलो. देवळाबाहेर एक जण तांब्याच्या अंगठ्या विकत होता, तोही आधी ट्रकवर होता. त्याच्याशी बोलण्यात दिवस गेला. कलकत्त्यापर्यंत जाऊन आलाय. शीतल घरी वाट बघत होती. "आज किती झालं?" काही सांगितलं नाही. अंगठी दिली. तिनं घातली नाही.

२८ फेब्रु., शनि.
काटे संपले. खोडं खणून काढली. खड्ड्यांत मुरूम टाकला, पाणी मारलं. गजाला विनवलं (माझ्या वर्गातला, त्याच्या घरी ट्रॅक्टर आहे), त्यानं वरून चारपाच वेळा फिरवून दिलं. आता पाटीसारखं सपाट झालंय. एक खडा नाही.
आबा रानातून येताना थांबले. चप्पल काढली, टाच दाबून बघितली. म्हणाले, "जागा चांगली बसली."
जन्मात पहिल्यांदा. दिवसभर तेच डोक्यात.

५ मार्च, गुरु.
चाचा बोलला साहेबाशी. सोमवारी सकाळची फेरी वाडीत आणून बघणार. जमलं तर रोजची. "मैदान खाली पाहिजे. आणि तू उभा राहा. गाडीच्या मागं बघायला माणूस लागतो."
"असतो न मी."
फक्त शीतलला सांगितलं. ती म्हणाली, "आबायला सांग न." म्हटलं, नको, दारात गाडीच दाखवू. काय बोलतील मग?
तिनं गणवेश धुवून दोरीवर टाकला. अजून चार दिवस आहेत तरी.

८ मार्च, रवि.
गजा म्हणतो कळमनुरीला जुनी मोटरसायकल आहे, बघायला चल. ट्रॅक्टर फिरवला त्यानं, नाही कसं म्हणू. संध्याकाळी परत.

१० मार्च, मंगळ.
संध्याकाळी परत आलो नाही. काल पण नाही. मोटरसायकलीचा मालक नांदेडला होता म्हणून नांदेडला गेलो, तिथं गजाचा मावसभाऊ भेटला, तो सोडेना. सोमवार विसरलो असं नाही. आठवण होती. वाटलं जागा तर मोकळी आहे, गाडी येईल, वळेल. मी काय स्टेअरिंग धरणार होतो?
आज दुपारी वाडीत शिरलो तर लांबूनच पिवळं दिसलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत हळद. माझं मैदान.
काय झालं ते मायनं सांगितलं. रविवारी हळद शिजवायचं कुकर वाडीत आलं. पहिली पाळी आमची. आमच्या अंगणात जागा नाही, आबांनी शिजलेली हळद मैदानात नेऊन पसरली. ते बघून गयाकाकूनं. मग आणखी तीन घरांनी. एवढी सपाट, बिनखड्याची जागा कोणाला मिळते.
सोमवारी गाडी आली. शीतल दप्तर लावून उभी. दप्तर खाली टाकलं आणि दाताळं घेऊन हळद बाजूला ओढायला लागली. आमची आणि गयाकाकूची मिसळली. काकू धावली, "माझी बारीक हाय का तुमची, आता कोण निवडणार?" आबांनी दाताळं हिसकावून घेतलं. मग ती हातानं लोटत होती. टायरखाली हळद जाईल म्हणून बाया आडव्या उभ्या. चाचानं थोडा वेळ वाट बघितली, मग गाडी मागं घेतली. मागं बघायला कोणी नव्हतं. शीतलच धावली गाडीच्या मागं, येऊ द्या, येऊ द्या, करत. नाल्यापाशी बाभळीच्या फांदीला लागून आरसा फुटला.
मी म्हटलं, माय, अगं ती जागा गाडीसाठी केली होती.
मायनं हातातलं सूप खाली ठेवलं. मग, "आमाला वाटलं हळदीसाठी केली. आबा साऱ्यायला सांगून राहिले व्हते, पोरगं सुधारलं माझं."

११ मार्च
शीतल बोलत नाही. भांडत पण नाही. भांडली असती तर बरं होतं. ताट वाढते आणि जाते. हात कोपरापर्यंत पिवळे. या दिवसांत वाडीतल्या सगळ्याच बायांचे असतात.

१२ मार्च, गुरु.
फाट्यावर चाचा. "साहेब बोले, कोणी सांगितलं होतं तिकडं घालायला? मैं क्या बोलूं? एक लडका बोला?" मग हळू, "किधर था तू? मैं तेरेकुच ढूंढ रहा था."
काम होतं म्हणालो.
आता तोंडी काही नाही, म्हणतो. कागद पाहिजे, गावच्या सह्यांचा. आणि महिन्याअखेर त्याची ड्युटी दुसरीकडं. नवीन येईल त्याला विचार.
टपरीवरची पोरं ऐकत होती. एक जण: "काय हो साहेब, गाडी कवा सुरू करून राहिले?" त्याला मारावंसं वाटलं. पण तो काय खोटं बोलला.

१५ मार्च, रवि.
पाचही घरी जाऊन आलो. हळद उचला म्हणून. कोणी नाही म्हणत नाही. हेच जास्त वाईट.
"गाडी यायलाच पायजे रे. लेकरायचे हाल व्हतात."
"आमी उचलतो, आधी त्यायला सांग."
"वाळू दे एवढी. मग तूच हो अन् तूच गाडी."
गयाकाकू: "मी तुला ईचारलं व्हतं न का? तोंडानं ईचारलं व्हतं, काहून करून राहिला. तू काय म्हनला?"
सहज.
शेवटी आबांकडं. आपली आधी उचलू म्हटलं. हळकुंडं वर-खाली करत होते. "वली हळद घरात भरू? बुरशी धरल. सालभराचं पीक हाय." थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता: "सांगायचं व्हतं."
बरोबर आहे त्यांचं. सगळ्यांचंच बरोबर आहे. मैदान एक आणि बरोबर असलेली घरं पाच.

२ एप्रिल, गुरु.
आमची हळद वाळून उचलली. एक कोपरा रिकामा झाला. झाडून घेतला. दुपारच्या आत तिथं गयाकाकूची दुसरी शिजवणी. मी झाडलेलंच होतं, तिला झाडावं लागलं नाही.

२१ एप्रिल
शीतलचा शेवटचा पेपर झाला. मी फाट्यापर्यंत न्यायला गेलो. येताना साडेतीन किलोमीटर एक शब्द नाही. मारुतीपाशी आल्यावर म्हणाली, "पेपर सोपा गेला." एवढंच.

२६ एप्रिल, रवि.
रिसोडकडून आबांच्या ओळखीचे पाहुणे आले होते. नुसतं चहाला, आबा म्हणाले. मायनं शीतलला साडी नेसायला लावली. तिची पिन सुटत होती सारखी. मी आबांना म्हणालो, नववीतलं लेकरू हाय ते. आबा म्हणाले, "तू ऱ्हातो का रोज तिला फाट्यावर न्यायला? बोल. ऱ्हातो?"
मी उठून बाहेर गेलो.

१७ मे, रवि.
हळद सगळी उचलली. मैदान रिकामं झालं एकदाचं, म्हणून गेलो. गजाची ट्रॉली उभी. एका बाजूला कडब्याची गंजी. गयाकाकूनं म्हशीचा खुंटा ठोकलाय, नेमका जिथं गाडीचं पुढचं चाक आलं असतं. खुंटा हलवून बघितला. पक्का आहे. जमीन चांगली बसवली होती मी.
कुऱ्हाड चालवताना वाटायचं, बाभूळच अडचण आहे.

३ जून
हैद्राबादच्या ठेकेदाराचा फोन. सोमवारी पिकअप येतो, चल. हो म्हणालो.

८ जून, सोम.
पिशवी भरली. पिकअप नऊला मारुतीपाशी.
सकाळी शीतल दिसेना. मैदानात होती. खुंटा खणून काढून कुंपणाकडं रोवत होती आणि गयाकाकू तोच धरून उभी. काकू म्हणत होती, "म्हस इकडं सावलीला ऱ्हाईल म्हनते पोरगी. पयलेच सांगितलं असतं तर इकडंच ठोकला असता." गजाची ट्रॉली नव्हती. गंजी अर्धी हलली होती.
शीतलनं दप्तरातून कागद काढून दिला. अर्ज. तिच्याच अक्षरात. खाली दीड पान सह्या आणि अंगठे. कधी फिरली घरोघर, मला पत्ता नाही. मी इथंच होतो.
आबांचं नाव शोधलं. नव्हतं.
"जागा ठेवली त्यायला," ती म्हणाली. सगळ्यात वर एक ओळ कोरी.
"विचारलं का?"
"दोनदा. बगू म्हनले."
नवीन ड्रायव्हर पुढच्या सोमवारी येऊन जागा बघणार आहे, तेही तीच बोलून आली. शाळा त्याच दिवशी उघडते. मग कागद घडी करत म्हणाली, "मागं बघायला माणूस लागतो म्हनले. तू ऱ्हाशील का, तेवढं सांग. न्हाई तर मी काकूला सांगते."
चिडून नाही. काकूला सांगणं सोपं पडेल, अशा हिशेबानं.
पावणेनऊ वाजलेत. फावडं कुठं ठेवलं ते विचारत होती, ते दाखवून आलो. मैदानातून पिकअपचा हॉर्न ऐकू येतो, इथं घरातूनही येतो. अजून वाजला नाही.