दादाचे हात

९ नोव्हेंबर
सुगतची मॅच. अर्विंगहून तीन तास गाडी, वर्षा शेजारी बसून अख्खा रस्ता "हळू चालव, हळू चालव". तरी पहिल्या शिट्टीआधी पोचलो. आणि काय खेळला पोरगा, बाप्पा! समोरचा एक दांडगा पोरगा उडी मारून थेट बास्केटपाशी पोचला, बॉल हातातून सुटला, आणि वरून सु.चा पंजा आला. बॉल तिथल्या तिथे. मी असा ओरडलो की पुढच्या रांगेतल्या बाईचं पॉपकॉर्न सांडलं. सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "युअर सन?" मी छाती काढून, येस.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी हाच पोरगा कुणी नुसता खांदा हलवला तरी टुणकन उडायचा. फाउल, परत फाउल, मग बेंचवर टॉवेल घेऊन. कोचनं दोन वर्षं एकच घोकून घेतलं: पाय जमिनीवर, हात वर, थांब. आधी समोरच्याला उडू दे. आता थांबतो. ब्लॉक केलेला बॉलही प्रेक्षकांत भिरकावत नाही, हळूच आपल्याच टीममधल्या पोराकडे टोलवतो. घरी मात्र जेवायला थांबत नाही. डबे उघडून उभ्या उभ्या खातो.

१६ नोव्हेंबर
कोचचा फोन. मोठ्या लीगसाठी पोरं हेरणारे स्काउट यायला लागलेत. सु.ची मापं घेतली. उंची सहा फूट अकरा. दोन्ही हात पसरून या बोटापासून त्या बोटापर्यंत साडेसात फूट. कोच म्हणाला, उंची पुष्कळ पोरांना असते, हे हात शिकवून येत नाहीत. ड्राफ्टमध्ये, म्हणजे मोठ्या टीम वर्षातून एकदा पोरं निवडतात त्यात, नाव लागू शकतं.

त्याला विंगस्पॅन म्हणतात म्हणे. अरे, आमच्या घरात त्याला वाव म्हणायचे. दोर वावेवर मिळायचा. बाजारातला दोरवाला होता बुटका, त्याचे हात आखूड. आई त्याला माप घेऊच द्यायची नाही. "माह्या पोराच्या हातानं मोज!" म्हणून दादाला पुढे करायची. दादानं हात पसरले की दोरवाला कपाळाला हात लावायचा. "बाई, पोरगा घरी ठेवून येत जा ना!" अर्धा बाजार हसायचा. मला कधी नेलं नाही. आमच्यात मी बुटका, सहा फूट एक.

सु.चे हात दादाचेच. पाळण्यात होता तेव्हाच आई बोलली होती.

थँक्सगिव्हिंग, गुरुवार
सु. चार दिवस घरी. वर्षानं सावजी रस्सा केला, टर्कीला कुणी विचारलं नाही. खाऊन सोफ्यावर आडवा झाला तर पाय बाहेर. "आई, पाठ धरलीय." वर्षानं तेल कोमट करून चोळून दिलं. एवढा मोठा घोडा, मांजरासारखा पडून होता.

खेळाडूंचे करार जमवणाऱ्या एका एजंटचा फोन. गोड बोलतो. इतकं गोड मला सोसत नाही. सु. म्हणे, "बाबा, चिल. ही इज लेजिट."

६ डिसेंबर
हॉलवर अभिवादनाचा कार्यक्रम. त्रिशरण, पंचशील, भाषणं. भाषणं संपल्यावर जेवणापेक्षा मोठी रांग सु.बरोबर फोटोला. रामटेके काकांना तो जय भीम करायला वाकला तर त्यांचा चष्मा त्याच्या कोपरानं पडला. काका म्हणाले, "बाबासाहेबांची पोरं आता कुठं कुठं पोचणार रे!" डोळे भरून आले माझे. लपवले नाहीत.

जाता जाता काकू वर्षाला हळूच म्हणाल्या, पोराची दृष्ट काढत जा गं. वर्षा म्हणाली, आम्ही असलं मानत नाही. गाडीत बसल्यावर मला म्हणाली, "एवढं कौतुक बरं नाही वाटत." मी म्हटलं, आता तूही सुरू झालीस!

१० जानेवारी
माझ्याच तोंडानं झालं. माझं तोंड!

मॅचनंतर पालकांचं जेवण होतं. टेबलावर टीमच्या डॉक्टर बाई. कमी बोलणाऱ्या, सॅलड खात बसलेल्या. कुणीतरी विचारलं, एवढे लांब हात आले कुठून? झालं. मी सुरू. दोरवाला, आई, बाजार, सगळं. हात पसरून दाखवलं. टेबल हसून हसून लोळलं. कुणी विचारलं, हा भाऊ काय करतो आता? मी म्हटलं, नाही, चौतिसाव्या वर्षीच गेला. ऊन लागून. आमच्याकडे ऊन फार.

सगळे "ओह, सॉरी" म्हणाले. डॉ. बाईंनी काटा खाली ठेवला. शांतपणे एकेक विचारत गेल्या. चष्मा होता का? जाड होता का? छाती मध्ये दबलेली होती का? अचानक गेला की आजारी होता? मी आपला उत्साहात उत्तरं देतोय, हो, हो, अगदी बरोबर, तुम्हाला कसं कळलं? वर्षानं टेबलाखालून माझा गुडघा दाबला तेव्हा कळलं की कुणीच हसत नाहीये.

मग त्यांनी सु.ला बोलावलं. म्हणाल्या, एका हाताचा अंगठा आणि करंगळी दुसऱ्या मनगटाभोवती गुंडाळ. त्यानं गुंडाळली. बोटं एकमेकांवर चढून वर उरली. त्याला वाटलं गंमत आहे. अजून कुणाला येतं म्हणून इकडे तिकडे बघत होता.

१५ जानेवारी
सु.च्या हृदयाची सोनोग्राफी झाली. पहिल्या वर्षी कॉलेजनं ईसीजी काढला होता, तो चांगला होता. डॉ. म्हणतात, हे त्यात दिसत नाही.

हृदयातून जी मोठी रक्तवाहिनी निघते ती बुडाशी जरा जास्त रुंद आहे. उंच पोरांत थोडी असतेच. बॉर्डरलाइन. म्हणजे काहीच नसेल. किंवा असेल, आणि अशीच ताणत गेली तर एखाद दिवशी फाटेल. आजाराचं नाव कागदावर लिहून दिलं. मी ते इथे लिहिणार नाही.

रक्त तपासायला पाठवलंय. उत्तर येईपर्यंत खेळ बंद. पळायचं नाही, वजनं उचलायची नाहीत.

सु. पार्किंगमध्ये म्हणाला, "यू जस्ट हॅड टू टेल द रोप स्टोरी." गाडीची किल्ली सापडेना. हातातच होती.

१८ जानेवारी
भांडण. घाणेरडं. सु. फोनवर ओरडत होता. ड्राफ्टचं हेच वर्ष आहे, स्काउट आत्ता येतायत, बॉर्डरलाइन म्हणजे नॉर्मल. मी म्हटलं, कॉलेजमधल्या पोराला काय कळतं? तो म्हणाला, तुम्हाला तरी काय कळतं, तुम्ही सॉफ्टवेअर टेस्ट करता. वर्षानं फोन हिसकावून घेतला आणि दोघांनाही झापलं. "मरायच्या गोष्टी करताय आणि आवाज बघा!" मग तीच रडली.

मला राग सु.चा नाही, डॉक्टरचाही नाही. त्या हातांचा येतोय. ज्या हातांचं एवढं कौतुक केलं, त्यांच्याकडे आता बघवत नाही.

१९ जानेवारी
नागपूरला ताईला फोन केला. दादा गेला तेव्हा मी पुण्यात कॉलेजला होतो. पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. जे ऐकलं तेच तीस वर्षं सांगत आलो.

ताईला म्हटलं, दादाला ऊन कुठे लागलं होतं नेमकं? कामावर का?
"ऊन कसलं रे? सकाळी पडवीत चहा पीत बसला होता."
मग?
"पाठीत फाटल्यासारखं होतंय म्हणाला. आईनं तेल चोळलं. चोळता चोळताच गेला."
मी म्हटलं, मग ऊन ऊन काय लावलंय सगळ्यांनी?
"एप्रिल होता. लोक दारात येऊन विचारायचे. ऊन म्हटलं की पुढं कोणी विचारत नाही. आईला पुन्हा पुन्हा सांगायला नको म्हणून. नंतर आम्हालाही तेच खरं वाटायला लागलं."

फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात गेलो. तेलाची वाटी गॅसजवळच होती. वर्षाला सगळं सांगावं की नाही? सांगितलं. ती म्हणाली, "मी पण तेलच चोळलं."

लगेच डॉ. बाईंना कळवलं. त्यांनी सु.ची पाठ नीट तपासली. स्नायूच आहे, ते दुखणं वेगळं असतं, म्हणाल्या. पण ताईनं सांगितलेलं लिहून घेतलं आणि दोनदा वाचून दाखवलं, बरोबर आहे ना म्हणून.

१ फेब्रुवारी
मॅच. सु. बेंचवर, साध्या कपड्यात, स्वेटर घालून. त्याच्या जागी दुसऱ्या वर्षाचा एक पोरगा. बिचारा प्रत्येक फसव्या हालचालीला उडतोय. सु. बसल्या बसल्या "वेट, वेट!" ओरडत होता. समोरचा शॉट मारायला आला की सु.चे हात आपोआप वर जायचे. मग त्याच्या लक्षात यायचं आणि तो ते मांड्यांखाली घालून बसायचा. मला बघवेना. मी मॅच सोडून बाहेर कॉफीच्या रांगेत उभा राहिलो, आणि कॉफी न घेताच परत आलो.

टीम हरली.

८ फेब्रुवारी
एजंट महिनाभर गायब होता. आता परत सुरू, पण मला नाही, सरळ सु.ला. सु. घरी आलाय, फोन स्पीकरवर ठेवून बूट घालत होता. एजंट म्हणत होता, इथल्या लीगच्या मेडिकलमध्ये अडकलास तरी बिघडत नाही. बाहेरच्या देशांत टीम आहेत. ते उंची बघतात, हात बघतात. एवढं आत कोणी बघत नाही.

मी दारातच उभा. सु.नं फोन बंद केला.
"तू जाणार?"
"आय डोन्ट नो, बाबा."
"जाणार?"
"मी दुसरं काय करू? टेल मी. व्हॉट एल्स अ‍ॅम आय?"

वीस वर्षांचा आहे. सही त्याची चालते, माझी लागत नाही. मी म्हटलं, तू माझा पोरगा आहेस, अजून काय पाहिजे? नुसतं हसला.

१४ फेब्रुवारी
रक्ताचं उत्तर आलं. उत्तर म्हणजे काय, घोळ. जनुकात काहीतरी बदल दिसतोय, पण तो वाईट की निरुपद्रवी, ते ठरलेलं नाही. आधी कुणात फारसा सापडलेला नाही. आता घरात कुणाकुणात आहे ते बघायचं.

डॉ. बाई म्हणाल्या, तुमच्या भावाचं रक्त आता मिळणार नाही. पण भावाकडचं सु.पर्यंत यायला वाट एकच आहे, आणि ती तुमच्यातून जाते. तुमच्यात हा बदल नसेल, हृदय ठीक असेल, तर भावाचं दुखणं सु.कडे आलंच नाही असं धरता येईल. मग खेळायचा विचार करू.

आणि असेल तर?
"तर दोघांवर उपचार. आणि तो खेळणार नाही."

म्हणजे एवढे दिवस मी त्याच्या हातांकडे बघतोय, आणि माझे हात? त्यांच्याकडे कोण बघतं? गाडी चालवतात, टाइप करतात. घरी येऊन दार लावून अंगठा-करंगळी मनगटाभोवती गुंडाळायला गेलो. अर्ध्यात सोडलं. भीती वाटली, साफ भीती.

सु.ला मात्र तरतरी आलीय. "बाबा, यू आर फिफ्टी-फोर अँड फाइन! तुम्हाला काही नाही, म्हणजे मला काही नाही." माझी सकाळ-संध्याकाळ चौकशी. पाणी प्यायलात का? जिना हळू चढा. मॅचच्या आधी टीमच्या स्टारला जपतात तसा मला जपतोय.

१८ फेब्रुवारी
माझी तपासणी. वर्षाला ऑफिसमधून सुट्टी मिळाली नाही, सु. घेऊन गेला. गाडी त्यानंच चालवली, सीट पार मागे सरकवून.

आधी रक्त घेतलं. मग नर्सनं उंची मोजली. मग म्हणाली, भिंतीला पाठ लावा, दोन्ही हात पसरा. चोपन्न वर्षांत माझी वाव कुणी मोजली नव्हती. मी हात पसरले. टेप एका बोटाच्या टोकाला धरून ती दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली. ओढलेला टेप पुरला नाही, तिनं तो आणखी ओढला. आकडा मोठ्यानं वाचला, उंचीहून बराच मोठा.

सु. खुर्चीत फोन बघत होता. त्यानं मान वर केली.
"बाबा, दॅट्स लॉन्ग."

स्काउट म्हणतात ना, अगदी तशा आवाजात. मग त्याचं त्यालाच कळलं. मी हात खाली घ्यायला पाहिजे होते. नर्सनं टेप गुंडाळला तरी मी तसाच उभा होतो. सु.नंच उठून माझे हात खाली केले.

सोनोग्राफीच्या वेळी तो बाहेर थांबायला तयार नव्हता. कोपऱ्यात उभा राहिला, डोकं छताला टेकेल इतका. मला पडदा दिसत नव्हता, त्याला दिसत होता. मी पूर्ण वेळ त्याचं तोंड बघत होतो. त्याला तरी काय समजणार त्यातलं? पण बघत होता, पापणी न हलवता, पाय जमिनीवर.

रिपोर्ट आणि रक्त दोन्ही पुढच्या आठवड्यात. तंत्रज्ञ पोरगी म्हणाली, मला काही सांगता येत नाही, डॉक्टर बोलतील. सगळ्यांना हेच म्हणत असेल.

परत येताना गाडीच्या स्क्रीनवर एजंटचं नाव आलं. सु.नं माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. वाजून वाजून बंद झालं.

घराच्या वळणावर परत वाजायला लागलं.