आयुधपूजेला बंद केलेलं मशीन

१४ सप्टेंबर, येलवाल
आले एकदाची. बन्नूरची पत्र्याची खोली सुटली. भुवनचं घर नवंकोरं आहे. बहीण गेल्यावर मीच वाढवलेलं पोर. आता परदेशात नोकरी करतं. म्हणालं, मावशी, कल्याणमंडपातले लग्नाच्या भाताचे हंडे पुरे झाले, माझ्या घरात राणीसारखी राहा. मी म्हटलं, राणी जाऊ दे, न्हाणीत गरम पाणी येतं का ते सांग. येतं! मी चौथीपर्यंत शिकलेली, मराठी अक्षरं वडलांनी गिरवून घेतली. इथं मराठी बोलायला कुणी नाही, म्हणून लिहायला बसले.

१९ सप्टेंबर
मंजुनाथ नावाचा माणूस आज सर्व्हर बसवून गेला. चपलेच्या खोक्याएवढं काळं मशीन, जिन्याखाली. भुवन फोनवरून सांगत होता: माझी वेबसाइट यातून चालणार, जगभरचे लोक इथं येऊन बघणार. मी म्हटलं, मग चोरही येतील की. हसला. त्यासाठीच पासवर्ड अन् फायरवॉल आहे म्हणे. मी सोडीन तोच आत येईल, म्हणाला. पासवर्ड मीच दाबला, एकेक अक्षर विचारत. मेल्यानं जराही कटकट केली नाही. कॅमेरेही लावलेत, स्वयंपाकघरातसुद्धा. तू पडलीस तर मला कळायला नको का, म्हणाला. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. दाराचं कुलूपही मशीनवरच. माझं काम एवढंच, हिरवा दिवा विझू द्यायचा नाही.

२६ सप्टेंबर
जेवायला बसले की स्वयंपाकघरातला दिवा जातो, येतो, जातो. वायरमनला शिव्या घातल्या. भुवन म्हणतो, टेस्टिंग चालू आहे, तू सुम्मने, गपचूप जेव. जेवतेच आहे. पण शेजारी दिवे नीट असतात. शेजारची चैत्रा कंप्युटरवाली आहे, तिला विचारीन.

१ ऑक्टोबर
आयुधपूजा. आमच्या घराण्यात तलवारी गेल्या, पण रीत राहिली: ज्याच्यावर घर चालतं त्या हत्याराला आज काम सांगायचं नाही. विळी पुसली, सुरी पुसली, मग मशीनची वायर काढली. कुंकू लावलं, शेवंती वाहिली. वात सावरते न सावरते तोच भुवनचा फोन. नुसता ओरडत होता. बंद करायला कुणी सांगितलं, लोक खोळंबलेत! मी म्हटलं, उद्या बघतील तुझी वेबसाइट, मरत नाहीत. तर म्हणाला, तू दिसायला नको का—
अन् फोनच ठेवला.

१ ऑक्टोबर, दुपारी
मशीन चालू करून चैत्राला बोलावलं. तिच्या लॅपटॉपवर भुवनची वेबसाइट उघडली, तर माझी चूल दिसली. माझी पाठ. मी. खाली लोक लिहीत होते. चैत्रा वाचता वाचता थांबली. म्हटलं, वाच गं, मी काय कुक्कुलं बाळ आहे? दिवे तेच लोक घालवत होते. पैसे भरून. चैत्रा म्हणाली, अक्का, कुणी फोडून शिरलेलं नाही. मालकानं स्वतः आत सोडलंय.
भुवनला फोन केला. लहानपणी रडायचा तसाच रडला. सकाळपर्यंत बंद करतो, तुझी शप्पथ. माझ्या हातचं जेवून वाढलेलं पोर. ठेवला विश्वास.

२ ऑक्टोबर
दार उघडत नाही.
वायर काढली. मुसळ घालून मशीनचा चुरा केला. कॅमेऱ्यांचे लाल ठिपके तसेच. चैत्रा खिडकीच्या गजांतून म्हणाली, त्यानं सगळं तिकडच्या दुसऱ्या मशीनवर नेलंय, कुलूपसुद्धा.
गल्लीत दुसरा माणूस नाही. सगळे म्हैसूरला दसऱ्याची हत्तीवरची जंबूसवारी बघायला गेलेत.

थोड्या वेळानं
वेबसाइटवर कुणीतरी लिहिलंय, येलवालच्या स्टॉपवर उतरलो. त्याखाली भुवननं लिहिलंय, या, दार मी उघडतो.
हे चैत्रानं दोनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा मीच तिला खोटी म्हटलं.
ती पोलिसांना आणायला पळाली. तेही बंदोबस्तावर असतील—

कॅमेऱ्यांवर फडकी बांधली. हातात विळी.
फाटक वाजलं. चैत्रा नव्हे. चपलेचा आवाज जड आहे.
अय्यो भुवन, भुवन, म्हणून हाका मारल्या. भिंतीवरच्या कॅमेऱ्यातून बोलला. अगदी गोड. म्हणतो, मावशी, भिऊ नको, एवढं एकदाच, फक्त ती फडकी काढ, लोकांना काही दिसत ना—