डचेसचे चार नाल

३ ऑक्टोबर
नाही, मला सोलरचा राग नाही! गुडघे गेलेत, लेक हेझल नर्स आहे, तिला शेती नको — लावू देत शेतात त्या सोलरच्या काचा. खाली मेंढ्या चरतील. सही मी शुद्धीत केली. पण आधी म्हणे जमीन खणून बघायची, खाली रोमन-बिमन कोणी आहे का! सत्तर वर्षं लिंकनशायरची ही माती तुडवतोय. खाली चिकणमाती आहे. लिहून दिलं असतं. कोणी मागितलं नाही.

५ ऑक्टोबर
पुरातत्त्ववाल्या खणणाऱ्यांची मुकादम आली. टॅम्सिन. माझ्यापेक्षा जास्त चिखल तिच्या बुटांना. आवडली. यंत्र फिरवून जमिनीचा नकाशा काढलाय. ओकाच्या झाडापाशी चार काळे ठिपके. "काका, लोखंड आहे इथे! थडगं असेल, कुणा सरदाराचं!"
सरदार! माझा चहाच सांडला.

६ ऑक्टोबर
सरदार नव्हे, डचेस. आमची घोडी. पंचावन्न वर्षांपूर्वी ट्रॅक्टर आला, वडील म्हणाले, "खाटकाकडे पोचव." आणि गेले आत्याकडे चार दिवस. मी तिला ओकाखाली नेलं, गोळी घातली, तिथेच पुरली. दोन दिवस खणत होतो. वडलांना सांगितलं — पोचवली. ते नुसतं "बरं" म्हणाले. दर रविवारी तिच्या साजाचं पितळी पदक घासायचे, तेही विकलं म्हणाले.
तेव्हापासून गावभर मी कठोर काळजाचा! हेझलचं कोकरू मेलं तेव्हा तिला सुनावलं, "जनावर ते जनावर."
आणि मूर्खपणा बघा. शेतकरी कधी चांगलं लोखंड पुरतो? मी नाल काढलेच नाहीत. तिचे पाय हातात धरवेनात.

८ ऑक्टोबर
चर कुठे खणायचा त्या खुणेच्या टॅम्सिनने रोवलेल्या काठ्या पहाटे उठून वीस पावलं सरकवल्या. सत्त्याहत्तराव्या वर्षी! शाब्बास.

९ ऑक्टोबर
टॅम्सिन यायच्या आधीच जेसीबीवाल्या नेव्हने काठ्या बघून चर खणला. रिकामा. चिकणमाती! मी सांगत होतोच.
टॅम्सिनने हातातल्या जागा दाखवणाऱ्या यंत्रात पाहिलं, मग माझ्याकडे.
"काका, काठ्यांना पाय फुटलेत."
"वारा होता."
"चारही काठ्या नेमक्या तेवढ्याच सरकवल्या? फार शिकलेला वारा आहे तुमच्याकडे."
नेव्हने सँडविचमध्ये तोंड लपवलं. उद्या खऱ्या जागी खणणार.

१० ऑक्टोबर
सापडली. चारही पायांत नाल. टॅम्सिन म्हणाली, "सरदार नाही, पण पुरलीय मात्र मायेने. मान सरळ करून." मी म्हटलं, कोणी वेडा असेल. हेझल शेजारी उभी. माझ्याकडे बघितलं तिने.
"जनावर ते जनावर, ना पप्पा?"
आणि माझा हात धरला. सगळ्यांदेखत!

११ ऑक्टोबर
टॅम्सिन घरी आली. म्हणाली, "एक कळत नाही. घोडीवरची माती बसल्यावर कोणीतरी वरून छोटा खड्डा पुन्हा खणलाय. मातीचा रंग वेगळा आहे तिथे. तुम्ही?"
मी नाही.
तिने मेणकापडाची पुरचुंडी टेबलावर ठेवली. आत ते पितळी पदक. घासूनपुसून पुरलेलं.
वडलांनी विकलं नव्हतं.
यावर मी एक अक्षर लिहिणार नाही.