गाजराचं बी

९ ऑक्टोबर

शाळेमागच्या पडीक जागेत बायकांची बाग करणार म्हणे! प्रत्येकीला एक वाफा, बी फुकट. नर्सबाई घरोघर फिरतायत— पोरं किडकिडीत, बायका पांढऱ्याफटक, तेव्हा भाजी पिकवा आणि खा. मी म्हटलं, मला शिवणातून मान वर करायला फुरसत नाही. त्या म्हणाल्या, "म्हणूनच या." दिलं नाव!

१२ ऑक्टोबर

आज बी वाटलं. त्याआधी नर्सबाईंचं भाषण. बोलता बोलता विचारलं, "दिवेलागणीनंतर कुणाला अंधुक दिसतं का? लाजू नका. पालेभाजी, गाजर, लाल भोपळा खा. आणि मला येऊन भेटा." सगळ्या चिडीचूप. मीही.

इथे लिहिते, बाकी कुठे ब्र काढणार नाही— मला दिसत नाही. ऊन उतरलं की सुई सापडत नाही. अंगणातून घरात येते ती भिंत चाचपत. घरी सांगितलंय, कंबर धरते म्हणून संध्याकाळी शिवत नाही. खरं कळलं तर मशीन जाईल! सासूबाईंचं शिवणयंत्र वाटणीत मला मिळालं, तेव्हापासून धाकटी जाऊ माझ्याशी बोलत नाही. अंगण एक, दारं शेजारी, आणि तोंडं दोन दिशांना. माझे डोळे गेले तर मशीन तिच्याच घरात जाणार. मग मी काय करायचं? बसून माश्या मारायच्या?

त्या भाषणानंतर गाजराचं बी मागायची कुणाची छाती होते! मी मुकाट्यानं वांगी घेतली. धाकटी मात्र सगळ्यांदेखत उठली. गाजर घेतलं, पालक घेतला, भोपळाही घेतला. कुणीतरी खिदळलं, "का गं, तुलाच दिसत नाही वाटतं?"

"नाहीच दिसत. काय म्हणणं आहे?"

मनात म्हटलं, बरं झालं! आता हिला कोण मशीन देतंय.

५ नोव्हेंबर

बाग आवडायला लागली, पण कबूल करायचं नाही. सकाळी तासभर हात मातीत घातले की दिवसभर बरं वाटतं. कुंभारीण म्हणते, "शिंपीणबाईंची रोपं बघा, टीप घातल्यासारखी एका ओळीत!" म्हटलं, तुझी बघ, दारू पिऊन लावल्यासारखी. हसून हसून पोट दुखलं सगळ्यांचं.

२४ नोव्हेंबर

अंधार पडल्यावर दार लावायला गेले तर पायाला काहीतरी लागलं. पालकाची जुडी! पालक निम्म्या बागेत आहे, पण मला कोण देणार? नर्सबाईच. चालण्यावरून ओळखलं असेल त्यांनी. पाला मला मुळीच आवडत नाही. तरी खाल्ला.

१३ डिसेंबर

पुन्हा जुडी. हे म्हणाले, "आणखी एक दिवस पालक केलास तर मी बें बें करीन."

२० डिसेंबर

पाणी घालता घालता आज उशीर झाला. बायका धाकटीचा हात धरून तिला बांधावरून नेत होत्या. "सांभाळ गं, खड्डा आहे!" ती आपली मुकाट चालली होती. सगळ्या तिच्यात गुंतल्या, त्यामुळे मी मागून चाचपडत आले ते कुणाला कळलंच नाही. आधी मजा वाटली. घरी आल्यावर कसंतरीच झालं. पण बोलायला गेले नाही.

१९ जानेवारी

काल भोपळ्याची फोड, आज गाजरं— पाल्यासकट, माती लागलेली. नर्सबाईंनी आज पोरांची वजनं केली. लोहाराची नात भरलीय, गालही वर आलेत. लोहार बागेत येऊन उगाचच सगळ्यांना पाणी ओढून देत होता. मी नर्सबाईंना बाजूला घेऊन म्हटलं, "भाजीबद्दल फार उपकार झाले."

"कसली भाजी?"

काय मन तरी बाईचं! देतात आणि नाही म्हणतात.

६ फेब्रुवारी

दिव्याच्या उजेडात सुईत दोरा ओवला. पहिल्या झटक्यात! आधी वाटलं, चुकून गेला असेल. काढून परत ओवला. मग ब्लाउजच्या दोन्ही बाह्या शिवूनच उठले. ह्यांनी विचारलं, "कंबर?" म्हटलं, पळाली!

७ फेब्रुवारी

संध्याकाळी मुद्दाम दिवा लावला नाही. नर्सबाईंना दारातच पकडायचं म्हणून खिडकीत बसून राहिले. अंगणात काळोख दाटत होता आणि मला दोरीवरची चादर, वाटेतली बादली, सगळं दिसत होतं. शेजारचं दार उघडलं. धाकटी! हातात गाजरं. बादलीला वळसा घातला, कुठे ठेचकाळली नाही, भिंतीला हात लावला नाही. हिला स्वच्छ दिसतं! पहिल्यापासून दिसत होतं!

मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. दार उघडलं. ती वाकली होती, तशीच थिजली. तीन वर्षांनी तिच्या तोंडून शब्द निघाला—

"ताई, दिसले मी तुम्हाला?"

आणि आनंदानं रडायलाच लागली, वेडी.