गाळून वाचलेली कादंबरी

आई, तुझ्या राजकन्या अजूनही बेशुद्ध पडतायत. गेल्या महिन्यात पालघरच्या रद्दीवाल्याकडे जुन्या ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्यांचा गठ्ठा दिसला. हे नको नको म्हणत असताना मी तो उचलून आणला, आणि आता रोज दुपारी जेवणं उरकली की स्वतःच्या डोक्याला ताप करून घेते. एकीलाही धड उभं राहता येत नाही गं. नायक दारात आला की हिचा तोल जातो. त्याला तलवारीचा ओरखडा उठला की ही शालूचा पदर टराटरा फाडून पट्टी बांधते. शालूचा! शिवणकाम करणाऱ्या बाईची मुलगी मी, माझा जीव कळवळतो. लेखकाला इतिहासाचं काही सोयरसुतक नाही. पेशवाईतल्या बाया दिवसभर सज्जात बसून पत्रं लिहितात आणि घरात कुणी त्यांना साधी हाकसुद्धा मारत नाही. दर दहा पानांनी मी पुस्तक आपटते आणि पाणी पिऊन आले की परत उचलते.

आणि ती मुखपृष्ठं! तुला माकुणसारच्या शाळेतून दुसरीतच काढलं होतं. अक्षरं तुला कधी जुळली नाहीत, पण आकडे यायचे, टेप यायची, आणि चित्र तू कपड्याच्या मापासारखं बारकाईनं बघायचीस. बोईसरच्या आपल्या खोलीत दुपारची वेळ आहे. तू मशीनवर, मी खाली चटईवर पुस्तक घेऊन. मी बारा वर्षांची. बाबा जाऊन चार वर्षं झालीयत. तू हात पुढे करून पुस्तक मागतेस, चष्मा लागत नसतानाही डोळ्याजवळ नेतेस आणि म्हणतेस, "ही चोळी हिनं घातली कशी? पुढे हुक नाय, मागे नाय. अंगावरच शिवली काय?" मग मागच्या गुलाबी किल्ल्यावर बोट ठेवतेस. "किल्ला असा असतो? शिरगावच्या किल्ल्यात आमी बकऱ्या शोधायला जायचो. चित्र काढणाऱ्यानं पुस्तक उघडून पन बघितलेलं नाय." घोड्याला पाच पाय काढलेत हे तूच मला दाखवलंस. मी हसून लोळले होते.

मी वाचायचे आणि तू ऐकायचीस. पण खरं सांगायचं तर मी नीट वाचत नव्हते. नायक नायिकेच्या जवळ सरकला की माझे कान तापायचे आणि मी सरळ दोन पानं उलटून 'पहाट झाली' म्हणायचे. एकदा तू मशीन थांबवून विचारलंस, "या लोकांची पहाट लय लवकर होते गं. आत्ता तर दिवा मालवला ना?" मी म्हटलं, तसंच लिहिलंय. तू परत मशीन चालू केलंस आणि ब्लाउजच्या कटोरीला टक्स घालत राहिलीस. तू तेव्हा एकतीस वर्षांची होतीस. माझी मुलगी आज एकतीस वर्षांची आहे. तिच्याकडे बघते तेव्हा मला त्या उलटलेल्या पानांची फार लाज वाटते.

ती पुस्तकं आणायचा कोण, ते लिहायला मी टाळाटाळ करतेय. कारखान्यातला तो फिटर, सांगलीकडचा, एकटा. आधी पँटचा गुडघा शिवून घ्यायला आला, मग सुट्टीच्या दिवशी वाचनालयातून तुझ्यासाठी पुस्तक घेऊन यायला लागला. कधी आत आला नाही. उंबऱ्याबाहेर उभ्यानं चहा प्यायचा आणि मला म्हणायचा, "वाच की पोरी, थांबलीस का?" मला तो आवडत नव्हता. त्यानं काही वाईट केलं होतं म्हणून नाही, तो आला की तू केस सारखे करायचीस म्हणून. एके दिवशी मी पाण्याच्या पिंपाआड भांडी घासत असताना त्याचा आवाज आला, "विचार करून सांगा. घाई न्हाई. पोरीलाबी इचारा." आणि तू म्हणालीस, "इचारते."

पण तू मला विचारलंच नाहीस. इथेच मला तुझा राग येतो, अजून येतो. सरळ समोर बसवून विचारायचं होतंस. मी रडले असते, थयथयाट केला असता, दोन दिवस जेवले नसते आणि मग कदाचित ऐकलंही असतं. तू काय केलंस, तर चाललेल्या कादंबरीतल्या सरदारणीबद्दल विचारलंस. ऐन तारुण्यात विधवा झालेली ती, आणि तिच्यासाठी नदीपलीकडे थांबलेला एक शिलेदार. एकच प्रकरण उरलं होतं. तू हातातलं काम बाजूला ठेवलंस, जे तू कधी ठेवायची नाहीस, आणि म्हणालीस, "तिनं जावं का गं त्याच्यासंगती? तुला काय वाटतं?" मी म्हटलं, पुस्तकात काय आहे ते बघू. आणि पुस्तकात नसलेलं घडाघडा वाचलं. सरदारीण नदीवरून परत फिरली, मुलाला उराशी धरलं आणि जन्मभर देवघरात बसली. पुस्तकात मूलसुद्धा नव्हतं, आई. ते मी घातलं.

तू पुस्तक मागून घेतलंस, मुखपृष्ठ बराच वेळ बघितलंस आणि "बरं" म्हणालीस. पुढच्या सुट्टीला तो आला तेव्हा त्याची शिवलेली पँट आणि ते पुस्तक तू एकाच पिशवीत घालून दिलंस. त्यानंतर तो आला नाही. वर्षभरात गावाकडे गेला असं शेजारच्या काकूंनी सांगितलं.

परवा या गठ्ठ्यात ती कादंबरी निघाली. तेच पुस्तक नसेल, पण तीच आवृत्ती. मुखपृष्ठावर नदी, घोडा, आणि त्या शिलेदाराच्या मागे बसलेली सरदारीण, एक हात त्याच्या खांद्यावर, हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा. महिनाभर ते पुस्तक आपल्या खोलीत पडलेलं होतं. खोटं बोलायचं होतं तर बावळटासारखं निदान मुखपृष्ठ तरी बघायचं! मी घोड्याचे पाय मोजत बसले. तू बांगड्या बघितल्या नाहीस असं होणंच शक्य नाही. पण चित्र काढणारे पुस्तक उघडत नाहीत, हेही तूच म्हणायचीस. मग त्या दुपारी तू कुणाचं खरं मानलंस? माझं मानलं असशील तर मी तुला फसवलं. चित्राचं मानलं असशील तर तुला सगळं कळलं होतं, आणि तरी तू ती पिशवी भरलीस. माझं लग्न झाल्यावर नऊ वर्षं तू त्या खोलीत एकटी राहिलीस. दर रविवारी मी यायचे, भाजी निवडत इकडचं तिकडचं बोलायचे. या दोन्हींतलं काय, ते विचारायला मला चारशेच्या वर रविवार मिळाले होते.

हे पत्र मी कुठे ठेवणार, माहीत नाही. तू असतीस तरी ते पाठवून उपयोग नव्हता. तुला वाचता येत नव्हतं, मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. आणि मला स्वतःची खात्री नाही, आई. वाचत त्या पाण्याच्या पिंपापर्यंत आले असते आणि पुढची पानं उलटली असती.